पोरगं बापाएवढं झाल्यावर घराचं काय करायचं?

हदगावात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रील, शटर, जिन्याचे कठडे, कुलरच्या बॉड्या, गोठ्यावरचे पत्रे, जे येईल ते करतो. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मजबूत होईल ना? चोराला तोडता येणार नाही ना?" आमचा धंदाच बाहेरच्याला आत येऊ न देण्याचा. माझ्या स्वतःच्या घराचं काम मात्र वेगळं निघालं. माझा थोरला मुलगा पंधरा वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. मोजकेच शब्द बोलतो आणि उंचीला माझ्या बरोबरीचा झालाय.

हे गावात माहीत असल्यामुळं आजूबाजूचे आईबाप दुकानात येतात. तामशाकडून येतात, पैनगंगेपलीकडून उमरखेडचेही येतात. म्हणतात, "भाऊ, असं ग्रील करून द्या की पोरगं बाहेरच पडणार नाही." मी चहा सांगतो आणि विचारतो, "पोरगं जातं कुठं?" बहुतेकांना हा प्रश्न अनपेक्षित असतो. पण माप घ्यायला टेप काढण्याआधी याचंच उत्तर लागतं.

लहानपणीचे उपाय आता का चालत नाहीत

ऑटिझम हा आजार नाही आणि वेडही नाही. मेंदूची जडणघडणच वेगळी असते. अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली त्याचं पहिलं नीट वर्णन केलं. बोलणं, दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, ठरलेला क्रम मोडला तर सहन करणं या गोष्टी अशा मुलांना जड जातात. आवाज, उजेड, स्पर्श, वास कुणाला फार लागतात, कुणाला अजिबात लागत नाहीत. प्रत्येक मूल निराळं, त्यामुळं एका घराचा उपाय दुसऱ्या घराला जसाच्या तसा बसत नाही.

पाच वर्षांच्या लेकराला कडी वर बसवली की भागतं. पंधरा वर्षांच्या मुलाचा हात माळ्यापर्यंत पोचतो. तो खुर्ची सरकवतो, बिजागरीची पिन काढतो, मोबाइलचं लॉक बघून बघून शिकतो. ताकद मोठ्या माणसाची, पण विहिरीत डोकावण्यातला धोका कळण्याची समज मात्र त्या मानानं आलेली नसते. बाहेरचे लोकही बदलतात. पाच वर्षांचं लेकरू दुसऱ्याच्या घरात शिरलं तर त्याला बिस्कीट मिळतं. मिसरूड फुटलेलं पोरगं शिरलं तर मार बसू शकतो.

तो पळत नाही, तो गिरणीला जातो

आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे. माझ्या मुलाला फिरणाऱ्या वस्तूंचं वेड. पंखा, सायकलचं चाक, माझ्या दुकानातला ग्राइंडर. गिरणीचा तो लांब पट्टा म्हणजे त्याचं सुख. संध्याकाळी गिरणीचा आवाज सुरू झाला की हा दाराशी. गल्लीतले म्हणायचे, "पोरगं पळून जातंय." त्याच्या आईनं मात्र वही घातली. कधी गेला, जाण्याआधी घरात काय चाललं होतं, कुठं सापडला, सापडल्यावर आपण काय केलं, एवढंच ती लिहायची. पानं उलटली तेव्हा दिसलं की वीज असेल त्या दिवशी तो गिरणीकडंच जातो आणि भारनियमनात घरीच असतो.

मग पाच वाजता दळणाचा डबा घेऊन आजीबरोबर गिरणीला जायचं, असं ठरवून टाकलं. दाराजवळच्या फळ्यावर घड्याळाचं आणि गिरणीचं चित्र लावलं. गिरणीवाल्या काकांच्या पट्ट्याला मीच जाळी करून दिली आणि जमिनीवर पिवळा पट्टा मारला, तिथंच उभं राहायचं. दार त्याच्यासाठी रोज उघडतं, हे त्याला एकदा कळल्यावर दाराशी चालणारी झटापट बरीच कमी झाली. पूर्ण थांबली असं मी म्हणणार नाही.

हा काही आमच्याच घरचा अनुभव नाही. 2012 साली 'पेडियाट्रिक्स' या अमेरिकन मासिकात 1,218 ऑटिस्टिक मुलांच्या घरांची पाहणी छापून आली. चार वर्षांचं झाल्यानंतर 49 टक्के मुलांनी एकदा तरी घरातून किंवा शाळेतून निघून जाण्याचा प्रयत्न केला होता. काळजी वाटावी इतका वेळ जी हरवली, त्यांतली 24 टक्के बुडता बुडता वाचली होती आणि 65 टक्के गाडीखाली येता येता. आईबापांनी सांगितलेली कारणं आपल्या ओळखीचीच होती. हिंडायची मौज, आवडीची जागा, नको असलेलं काम, सहन न होणारा गोंगाट. काही मुलं कशाकडं तरी जातात, काही कशापासून तरी जातात. तुमचं कोणतं, हे वहीतूनच कळतं.

सगळ्यात आधी पाणी

घरातल्या दहा कामांतलं एकच परवडत असेल तर ते पाण्याचं करा. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली अमेरिकेतल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. पंधराच्या आतल्या ऑटिस्टिक मुलांचा बुडून मरण्याचा धोका इतर मुलांच्या 160 पट निघाला. न्यूयॉर्कमध्ये 2013च्या ऑक्टोबरात अवॉन्टे ओक्वेंडो हा चौदा वर्षांचा, न बोलणारा मुलगा शाळेच्या दारातून बाहेर पडला. शहरभर शोध झाला. जानेवारीत त्याचे अवशेष ईस्ट नदीच्या काठी मिळाले. त्याच्या आणि आणखी एका मुलाच्या नावानं अमेरिकेत 2018 साली कायदा झाला.

आमच्या तालुक्यात कयाधू आहे, पैनगंगा आहे, कालवे आहेत, शेतोशेत विहिरी आहेत. कठडा नसलेल्या विहिरी तर कितीतरी. घरातही पाणी असतंच. जमिनीखालची टाकी, न्हाणीतला हौद, कुलरची टाकी. टाकीवर फरशीचा तुकडा ठेवून भागत नाही, मोठं पोरगं तो सहज उचलतं. अँगलच्या चौकटीत बिजागरीचं पत्र्याचं झाकण आणि त्याला कुलूप हवं. विहिरीला कठडा बांधा आणि वरून सळयांची जाळी टाका. मोटारीसाठी त्यात उघडणारा चौकोन ठेवता येतो. मुलाला पोहायला जरूर शिकवा. पण पोहता येतं म्हणून जाळी काढू नका, कारण घाबरलेलं मूल शिकलेलं विसरतं.

दार: अडवण्यापेक्षा कळणं महत्त्वाचं

काही लोक खोलीला बाहेरून कुलूप लावतात, काही पायाला दोरी किंवा साखळी बांधतात. रागानं बोलण्यासारखं नाही हे. बहुतेक घरांत एकटी आई असते आणि तिलाही दोन तास झोप लागते. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवा. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एरवाडी इथं दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रमात आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांतले 28 जण गेले. पुढं 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मनोरुग्णाला साखळदंड घालायला बंदी केली. आपली मुलं मनोरुग्ण नाहीत, पण आगीला हा फरक कळत नाही.

म्हणून माझा नियम असा. बाहेरच्या दाराला दोन वेगळ्या पद्धतीच्या कड्या, एक अल्ड्रॉप आणि एक दाबून सरकवायची. त्यानं पोरगं थांबत नाही, पण वेळ खातं. आणि दार हललं की आवाज झाला पाहिजे. बाजारात बॅटरीवरचे चुंबकी अलार्म मिळतात, एक तुकडा चौकटीला आणि एक दाराला चिकटवायचा. आमच्याकडं त्याच्या जोडीला पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालतात तो घुंगरांचा पट्टा आहे. तुमच्या मुलाला आवाजाचा त्रास होत असेल तर बेल तुमच्या उशाशी वाजेल अशी बसवा. किल्ल्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असलेल्या एकाच खिळ्याला हव्यात. एकदा रात्री मेन स्विच बंद करून अंधारात सगळी दारं उघडून बघा. जे दार तुम्हालाच चाचपडत उघडावं लागतं, ते बदला.

खिडकीच्या ग्रीलमध्ये एक भाग बिजागरीवर उघडणारा ठेवा. गच्चीच्या कठड्याला आणि गॅलरीला आडव्या पट्ट्या लावूच नका, त्यावर पाय देऊन चढता येतं. उभे बार, चार इंचांच्या आत अंतर आणि मुलाच्या छातीच्या वर उंची. दिसायला चांगलं म्हणून लोक मध्ये नक्षी मागतात. नक्षीवरही पाय ठेवता येतो.

न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि वीज

ऑटिझमबरोबर फिट येण्याचं प्रमाण जास्त असतं आणि काही मुलांना वयात येतानाच पहिल्यांदा झटके सुरू होतात. आत उघडणारं न्हाणीचं दार असेल आणि मूल दारामागं पडलं, तर त्याच्याच अंगानं दार अडतं. न्हाणीचं दार बाहेर उघडणारं करा आणि आतली कडी बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी लावा. झटका आला तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या. तोंडात चमचा घालू नका. चप्पल-कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर 108ला फोन करा.

गरम पाण्यासाठी बादलीत रॉड सोडायचा प्रकार अशा घरात बंदच हवा. गिझरचं तापमान 50 अंशांच्या खाली ठेवा. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत खोलवर भाजतं, आणि कित्येक मुलं दुखलं तरी ओरडत नाहीत. म्हणून रोज अंघोळीच्या वेळी अंगावर भाजल्या-कापल्याची खूण आहे का ते बघायची सवय ठेवा.

गॅसचं सिलिंडर कपाटात कोंडून कुलूप लावू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि ठिणगीची वाट बघतो. मी जाळीचा पिंजरा करतो, खालून वरून उघडा, समोर कडी. स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद, हे घरातल्या सगळ्यांनी पाळायचं. गळतीचा संशय आला तर देशभर 1906 हा क्रमांक आहे.

उन्हाळ्यात आमच्याकडं पारा चाळिशीच्या पुढं जातो आणि घरोघरी लोखंडी बॉडीचे कुलर लागतात. ते मीच बनवतो, म्हणून सांगतो. पाणी, पंप आणि लोखंड एकत्र आलं की अर्थिंग नसलेला कुलर जीव घेतो. पाण्यात हात घालायला आवडणाऱ्या मुलाच्या घरात तर प्लास्टिक बॉडीचाच कुलर घ्या. मीटरच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. एमसीबी तार जळण्यापासून वाचवतो, आरसीसीबी माणसाला वाचवतो. जाणारा आणि परतणारा करंट सारखा नाही, म्हणजे थोडा कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चाललाय, हे ओळखून तो क्षणात लाइन तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. माझ्या दुकानाचा मेन स्विच कुलपात असतो, कारण ग्राइंडरची ओढ मला ठाऊक आहे.

शेतातलं विष घरात नको

शहरातल्या पुस्तकांत हे सापडणार नाही. आपल्याकडं कापूस-सोयाबीनची फवारणी औषधं माळ्यावर, पलंगाखाली, कधी पाण्याच्या जुन्या बाटलीत असतात. पेरणीचं बियाणं औषध लावून लाल-गुलाबी केलेलं असतं, लेकराला ते गोळ्यांसारखं दिसतं. काही स्वमग्न मुलांना माती, खडू, कागद, काहीही तोंडात घालायची सवय असते आणि ती मोठेपणीही राहते. 2017च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. तीही समज असलेली मोठी माणसं. औषधं राहत्या घराबाहेर, हवा जाईल अशा पत्र्याच्या पेटीत, कुलपात ठेवा. टॉयलेटचं अॅसिड, फिनेल आणि घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांनाही तोच नियम.

राग आल्यासारखा दिसतो तेव्हा

मुलाचा तोल जातो, तो डोकं आपटतो, हाताला चावा घेतो, समोरचं फेकतो. याला मेल्टडाउन म्हणतात. हट्ट करणारं पोरगं मधूनमधून आपल्याकडं बघतं, हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये मुलाच्या हातात काहीच राहत नाही. अशा वेळी बोलणं कमी करा, टीव्ही बंद, ट्यूब बंद, माणसं बाहेर. पालथं पाडून अंगावर बसणं कधीही नको, त्यात श्वास कोंडून जीव जातो.

घरात त्याची म्हणून एक जागा असावी. आमच्याकडं मागच्या खोलीच्या कोपऱ्यात गादी, भिंतीला फोमचा पत्रा आणि आजीनं शिवलेली जाड वाकळ आहे. वजनदार पांघरुणानं तो शांत होतो. शेजारी बंगई टांगली आहे. बंगई पंख्याच्या हुकाला कधी बांधू नका, तो हुक पंख्याचंच वजन पेलायला असतो. भिंतीतून भिंतीत गर्डर टाकून त्याला कडी वेल्ड करावी लागते. लोखंडी कपाट आणि टीव्ही भिंतीला बोल्टनं बांधा. दाराची काच काढून पॉलिकार्बोनेट शीट बसवा. मिरवणुकीत डीजे दारावरून जातो तेव्हा मी दुकानातले कटिंगच्या वेळी लावायचे इअरमफ त्याला देतो. बाजारातल्या कोणत्याही महाग वस्तूपेक्षा ते उपयोगी पडले.

घर फक्त त्याचंच नाही. धाकट्या मुलीच्या खोलीला आतून कडी आहे, आणि मेल्टडाउन सुरू झाला की तिनं तिथं जायचं, हे तिला ठाऊक आहे. भावाला सांभाळणं ही तिची नोकरी नव्हे. मुलगाही आता वयात आला आहे. कपडे कुठं काढायचे, कुठं नाही, अंगाला कोण हात लावू शकतं, हे त्याला चित्रांतून पुन्हा पुन्हा शिकवतो. न बोलणाऱ्या मुलांवर अत्याचार झाला तर ती सांगू शकत नाहीत, म्हणून अंघोळ-शौचात मदत करणारी माणसं मोजकी आणि ठरलेली हवीत.

घराची हद्द गल्लीपर्यंत

मुलगा दिसला तर ओरडत मागं लागू नका, नाव घेऊन शांतपणे जवळ जा आणि मला फोन करा, हे मी गिरणीवाल्यांना, टपरीवाल्यांना, ऑटोवाल्यांना, बसस्थानकावरच्या लोकांना सांगून ठेवलं आहे. लपवण्यात मुलाचं नुकसान आहे. त्याच्या प्रत्येक शर्टाच्या आत कॉलरपाशी आईनं पक्क्या शाईनं नाव आणि मोबाइल नंबर लिहिला आहे, कारण मनगटावर काही बांधलेलं तो ठेवत नाही. ज्यांची मुलं घड्याळ घालतात त्यांनी जीपीएसचं घ्यावं. पंधराव्या वर्षी आधारचे बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागतात, ते टाळू नका. हरवलेलं मूल ओळखायला त्याचा उपयोग होतो.

मूल दिसेनासं झालं तर एकजण आधी पाण्याकडं, एकजण त्याच्या आवडीच्या जागेकडं, एकजण नागपूर-तुळजापूर महामार्गासारख्या मोठ्या रस्त्याकडं. त्याच वेळी 112ला फोन. चोवीस तास थांबायचा काही नियम नाही. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवून तपास करावा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 सालीच सांगितलं आहे. अलीकडचा फोटो, उंची आणि अंगावरची खूण एका कागदावर तयार ठेवा.

कागदपत्रं आणि मदत

1995च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझम नव्हता. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 21 प्रकारांत धरला. आता प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण आहे. अठरा पूर्ण झाल्यावर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडं अर्ज करावा लागतो, त्याची तयारी सतराव्या वर्षीच करा.

तपासणीसाठी नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूरला उमंग हे ऑटिझम केंद्र आहे, हरंगुळला संवेदना प्रकल्प आहे. सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था 1984 पासून बौद्धिक दिव्यांगांसाठी काम करते आणि नांदेडहून रेल्वेनं तिथं थेट जाता येतं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट भेटले तर त्यांना घराचे फोटो दाखवा. कोणत्या मुलाला झोका लागेल, कुणाला वजन, कुणाला काळोख, हे ते सांगतात.

शेवटी, जे आईबाप गेटची ऑर्डर द्यायला निघाले असतील त्यांना एवढीच विनंती. आधी महिनाभर वही ठेवा. तोवर टाकीला झाकण, बोर्डात आरसीसीबी आणि औषधांना कुलूप, ही तीन कामं उरकून घ्या. ती कुणाही मुलाला लागतातच. मग वही घेऊन तुमच्या गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडं जा आणि मुलगा कुठं जातो, का जातो, हे त्याला सांगा. आणि दिवसातून एकदा तरी, ठरल्या वेळी, त्याच्यासाठी दार स्वतः उघडा.